ड्रोन हवेत बंद पडतो: कर्मा आणि मॅट्रिस २००
गोप्रो या कॅमेरा कंपनीचा कर्मा ड्रोन २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आला आणि नोव्हेंबरमध्येच कंपनीने जवळपास २५०० ड्रोन परत मागवले, कारण काही ड्रोनची उडता उडता पॉवरच जात होती. दोष निघाला बॅटरी जागेवर धरून ठेवणाऱ्या खिट्टीत, ती बदलून २०१७ च्या फेब्रुवारीत विक्री परत सुरू, विषय संपला.

डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीच्या मॅट्रिस २०० सिरीजचं प्रकरण मला जास्त भयानक वाटतं. २०१८ मध्ये ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने इशारा दिला की टीबी५० आणि टीबी५५ बॅटऱ्या लावलेले काही ड्रोन, स्क्रीनवर पुरेसा चार्ज दिसत असतानाही, पॉवर पूर्ण जाऊन थेट खाली पडले. आणि हे तिथल्या पोलिसांकडेही होते, म्हणजे खाली माणसं असण्याची शक्यता भरपूर! बरं यात बॅटऱ्याही दोन-दोन असतात, तरी उपयोग झाला नाही. उपाय म्हणून फर्मवेअरचं, म्हणजे ड्रोन आणि बॅटरीच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं.

खिट्टी निदान उडवण्याआधी हाताने दाबून, हलवून बघता तरी येते, पण आकडाच खोटा असेल तर पायलटने बघायचं तरी काय? म्हणून बॅटरीचं अपडेट आलं की आधी ते टाका आणि लोकांच्या डोक्यावरून तर उडवूच नका.