चुंबक-विद्युत प्रयोग संच, आठ महिन्यांनंतर: सुई खरी निघाली, मीटर खोटा

दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन मागवला, चौदाशे रुपयांना. खोक्यात ५० वेढ्यांची, ८ सेंटिमीटर त्रिज्येची तांब्याची कॉइल, दोन लहान होकायंत्रं, एक पट्टी चुंबक, ० ते १ अँपिअर प्रवाह मोजणारा मीटर, प्रवाह कमी-जास्त करायचा रिओस्टॅट, सेलचा डबा, तारा आणि शंभरेक गणितांची सरावपुस्तिका. मी नागपुरात मानकापूरला घरीच बारावीच्या शिकवण्या घेते. प्रयोग दाखवावेत म्हणून हा संच घेतला नव्हता. पोट्ट्यांची गणितं चुकत होती म्हणून घेतला.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते पुढे. सेंटिमीटरचे मीटर करायचे राहतात, नाहीतर लॉग टेबलमध्ये बार, म्हणजे उणे आकड्यावरची आडवी रेघ, निसटतो (बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही), आणि उत्तर शंभरपट इकडे नाहीतर तिकडे जातं. हे ज्याच्या वहीत होतं त्याला त्याचा पत्ताच नसतो. चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक मायक्रोटेस्ला, ते म्हणजे किती, हे हाताला ठाऊक नसेल तर ४० काय आणि ०.४ काय, दोन्ही सारखेच.

म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला: आधी गणित सोडवायचं, सुई किती अंश वळेल ते वहीत लिहायचं, मगच सेल जोडायचा. नागपुरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३९ मायक्रोटेस्ला आहे. सरळ तार उत्तर-दक्षिण ठेवली, तिच्यावर २ सेंटिमीटर उंचीवर होकायंत्र धरलं आणि १ अँपिअर सोडला, तर तारेचं क्षेत्र १० मायक्रोटेस्ला येतं. दहा भागिले एकोणचाळीस, त्याचा टॅन इन्व्हर्स, म्हणजे चौदा अंशांच्या वर थोडं. सुई खरंच तेवढीच वळली. एका मुलीने सेंटिमीटरचे मीटर न करता आकडे टाकले होते. तिच्या हिशेबाने सुई अंशाच्या सातव्या भागाएवढी वळायला हवी होती, म्हणजे दिसलीच नसती. तिने सुईकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि मुकाट्याने खोडरबर काढलं. मी काहीच बोलले नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी मीटरची. कॉइलचं गणित फार सोयीचं आहे: ५० वेढे, ८ सेंटिमीटर, ०.१ अँपिअर, की मध्यभागी ३९ मायक्रोटेस्ला येतात. पृथ्वीचे तेवढेच, कॉइलचे तेवढेच, दोन्ही काटकोनात, म्हणजे सुई ४५ अंशांवर थांबायला हवी. आमची थांबायची ३९ वर. प्रवाह उलटा करून पाहिला, दोन्ही बाजूंची सरासरी घेतली, तरी ३९च. आठवडाभर आम्ही वेढे मोजत बसलो. एका पोराने तर त्रिज्या दोऱ्याने मोजली. "मॅडम, सूत्रच चुकून राह्यलं वाटते," असं मागच्या बाकावरून आलं, तेव्हा मलाही क्षणभर तसंच वाटलं. शेवटी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) मल्टिमीटर आणून जोडला. मीटर ०.१० दाखवत होता आणि प्रवाह होता ०.०८. तारा काढल्या तरी त्याचा काटा शून्याच्या ०.०२ पुढे उभा! पहिल्या दिवशीच पाहायला हवं होतं, ही चूक माझी. पण असा मीटर खोक्यात भरणाऱ्यांना काय म्हणायचं? मेल केला, उत्तर नाही. गंमत म्हणजे ०.०८ टाकून गणित केलं की उत्तर ३९ अंशच येतं. सुई पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती.

दुसरी भानगड जानेवारीतली. पट्टी चुंबक आणि होकायंत्रं एकाच कप्प्यात येतात. तशी ती ठेवू नयेत, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. एका सकाळी उजव्या हाताचा नियम (अंगठा प्रवाहाकडे, तर बोटं क्षेत्राच्या दिशेने वळतात) सगळ्यांचाच उलटा यायला लागला. "काहून असं?" म्हणून पंधरा मिनिटं वाद झाला, दोघं तर डाव्या हाताने मोजायला लागली. आमच्या गच्चीवरून उत्तरेला कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. होकायंत्र घेऊन वर गेलो, तर सुईचं लाल टोक चिमण्यांकडे पाठ करून बसलेलं. रात्रभर चुंबकाशेजारी पडून सुईचे ध्रुवच पालटले होते. त्याच चुंबकाने पुन्हा सरळ केले. तेव्हापासून चुंबक स्वयंपाकघरात, डाळींच्या फडताळात असतो.

टेबल लोखंडी असेल तर या संचाच्या नादी लागू नका. आमच्याकडे आता सगळं जेवणाच्या लाकडी पाटावर होतं, तेही कपाटापासून आणि कूलरपासून लांब. मोबाइलसुद्धा बाजूला ठेवायचा, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

यावरून एकीने विचारलं की मेट्रोजवळ राहणाऱ्यांनी काय करायचं. प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली, १९०४ साली तिथे नवी उभी राहिली. ट्रामचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, डीसी. आपल्या नागपूर मेट्रोच्या वरच्या तारेत मात्र २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आहे, तो सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. सुईला त्याच्यामागे पळणं जमत नाही. खांबांतल्या सळयांचा त्रास होईल, तारेचा नाही.

सरावपुस्तिकेची गणितं चांगली निवडली आहेत, उत्तरं मात्र तपासून घ्या. १० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन समांतर तारा, ५ आणि ८ अँपिअर, दर मीटरला बल किती? पुस्तिकेत छापलंय आठ गुणिले दहाचा उणे सातवा घात. बरोबर उत्तर उणे पाचवा घात. म्हणजे छापणाऱ्यानेही सेंटिमीटर तसेच टाकले! मी पोरांना सांगितलं, मीटरभर तारेवरचं हे बल म्हणजे साधारण दोन मोहरीच्या दाण्यांचं वजन. तेव्हापासून वर्गात बल मोहरीतच मोजतात. अशी सात उत्तरं चुकीची सापडली. चूक शोधणाऱ्याला एक संत्रागोळी असं ठरवल्यावर पाच तर पोरांनीच शोधली.

मेमध्ये सुट्टीची बॅच घेतली, तेव्हा एक गोष्ट ध्यानीमनी नसताना हाती लागली. कॉइलचा रोध डिसेंबरात सकाळी ६ ओहम भरला होता. मेच्या दुपारी, खोली तापून चाळिशीपार गेलेली, तोच साडेसहाच्या वर. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, हिशेब जुळतो. सेल नवा होता, तरी सुई दोन अंश कमी वळली. पुस्तिकेतली बरीच गणितं नुसतं व्होल्टेज देऊन मोकळी होतात, आणि मुलं व्होल्ट थेट क्षेत्राच्या सूत्रात घुसवतात. क्षेत्र प्रवाहावर चालतं, हे मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्या दुपारी कुणी लिहिलं नाही, तरी सगळ्यांनी आधी प्रवाह काढला.

रिओस्टॅट ठीक. सेलच्या डब्याची स्प्रिंग मार्चमध्ये गंजली, पॉलिश पेपरने घासली. कॉइलचं प्लास्टिक उन्हाळ्यात जरा वाकलंय, पण त्रिज्येत फरक नाही, दोऱ्यावाल्या पोराने पुन्हा मोजली.

चौदाशे रुपये या मालाला जास्तच आहेत. कॉइल घरी गुंडाळता येते, २५ मीटर तार लागते. होकायंत्र आणि मल्टिमीटर बर्डीला सुटे मिळतात. वेळ नसेल तर हाच संच घ्या, पण आल्याबरोबर तारा न जोडता मीटरचा काटा बघा, आणि चुंबक त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत न्या. नवी बॅच पुढच्या सोमवारपासून आहे. या वेळी मीटर मी मुद्दाम तसाच ठेवणार आहे, बघू किती दिवसांत सापडतो.