ओळ कशाने संपवावी: एलएफ की सीआरएलएफ?

समजा, जळगावच्या ऑफिसात विंडोज आहे आणि हिशेबाची स्क्रिप्ट भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालते. केळीभावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) विंडोजवर तयार करून वर चढवली. शेवटच्या रकान्यात ‘रावेर’ डोळ्यांना स्वच्छ दिसतंय, पण स्क्रिप्टला ते सापडत नाही. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, आधी सीआर (क्रमांक 13), मग एलएफ (क्रमांक 10); या जोडीलाच सीआरएलएफ म्हणतात. लिनक्स फक्त 10 ओळखतं, म्हणून 13 ‘रावेर’ला चिकटून राहतो. टेलिप्रिंटरच्या काळात सीआर ही खूण यंत्राचा गाडा डावीकडे आणायची, एलएफ कागद वर सरकवायची. गाडा गेला, खूण राहिली.

मॅकवालेही आता एलएफच वापरतात. मॅक ओएस 9 पर्यंत तिथे नुसता सीआर होता, पण त्याचा विचार आज कुणी करू नये.

फाइलच्या आकारावरून तर मुळीच ठरवू नका. 10,000 ओळींमागे फरक जेमतेम 10 केबी. खरा त्रास शेल स्क्रिप्टला, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांच्या फाइलला, होतो. पहिल्याच ओळीत ती चालवणाऱ्या ‘बॅश’ प्रोग्रॅमच्या नावामागे सीआर लागला की लिनक्स त्या विचित्र नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं आणि स्क्रिप्ट सुरूच होत नाही. उलट बाजूची जुनी तक्रार म्हणजे एलएफवाली फाइल नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसायची. 2018 मध्ये विंडोज 10 च्या अपडेटने ती मिटवली. माझ्या मते सीआरएलएफच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा तिथेच गेला.

म्हणून नवीन कामाला सरळ एलएफ घ्या. अपवाद विंडोजच्या बॅच फाइलींचा, म्हणजे तिथल्या आज्ञांच्या फाइलींचा: त्यांना सीआरएलएफच द्या, नाहीतर ‘गोटू’ या उडी मारणाऱ्या आज्ञेची लेबलं कधीकधी चुकतात. सीएसव्ही दुसऱ्या कुणाला पाठवायची असेल तर घेणाऱ्याला विचारा; त्या फॉरमॅटच्या 2005 च्या लेखी वर्णनात सीआरएलएफच आहे.

गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर प्रत्येकाच्या मशीनवरच्या, ओळींच्या खुणा आपोआप बदलणाऱ्या ‘ऑटोसीआरएलएफ’ सेटिंगवर विसंबू नका. एक जण धुळ्याहून, दुसरा भुसावळहून काम करतो, दोघांची सेटिंगं वेगळी, आणि एक शब्द बदलला तरी अख्खी फाइल बदललेली दिसते. नियम रेपॉझिटरीतल्या (कामाच्या सामायिक साठ्यातल्या) गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्येच लिहा. जुन्या फाइली ‘डॉसटूयुनिक्स’ या प्रोग्रॅमने बदला, आणि तेवढ्याच बदलाची वेगळी कमिट (गिटमधली नोंद) करा.