दक्षिण स्पेनची नऊ दिवसांची सहल आणि सोबतची माहितीपुस्तिका

फेब्रुवारीच्या अखेरीस नागपुरातील एका सहल संस्थेबरोबर आम्ही उभयता दक्षिण स्पेनला, म्हणजे आंदालुसियाला, जाऊन आलो. माणशी 2 लाख 85 हजार रुपये घेणाऱ्या या सहलीत प्रत्येकाला 48 पानांची मराठी माहितीपुस्तिका दिली जाते. हा अभिप्राय सहलीइतकाच त्या पुस्तिकेबद्दलही आहे, कारण घरून निघण्यापूर्वी प्रवासी तिच्यावरच विसंबून असतो. पुस्तिकेतला इतिहास मन लावून लिहिलेला आहे. प्रवाशाला रोज लागणाऱ्या माहितीत मात्र ती कमी पडते आणि लहान गावांना दिलेला वेळ तर फारच तोकडा आहे.

चांगल्यापासून सुरुवात करतो. कोर्दोबाच्या मेस्कितेवरचे प्रकरण मी मुंबईच्या विमानतळावर दोनदा वाचले. इसवी सन 785 च्या सुमारास तिथला मुस्लिम शासक पहिला अब्द अल रहमान याने बांधायला घेतलेल्या या मशिदीत साडेआठशेहून अधिक खांब आहेत आणि त्यांपैकी बरेचसे जुन्या रोमन व व्हिसिगॉथ (मुस्लिमांपूर्वी तिथे राज्य करणाऱ्या लोकांच्या) इमारतींतून आणलेले आहेत. हे खांब बुटके पडत असल्यामुळे छत उंच नेण्यासाठी कारागिरांनी कमानीवर कमान चढवली, आणि लाल वीट व पांढरा दगड आळीपाळीने लावून त्या कमानी पट्टेदार केल्या. हे कारण आधी ठाऊक असल्यामुळे आत पाऊल ठेवताच माझी नजर खांबांच्या माथ्यांकडे गेली. शेजारशेजारच्या दोन खांबांची शीर्षे वेगवेगळ्या घडणीची होती, एकाचा दगड करडा तर दुसऱ्याचा गुलाबीसर होता, आणि तरीही वरच्या कमानींची रांग कुठे रेसभरही ढळलेली नव्हती. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेल्यावर मशिदीचे चर्च झाले आणि सोळाव्या शतकात तिच्या ऐन मध्यभागी कॅथेड्रल उभे राहिले, हेही पुस्तिकेत नीट आले आहे. कोर्दोबाची घरे पाहताना आम्हाला नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची आठवण झाली: रस्त्याकडे जाड भिंत, आत कुंड्यांनी भरलेला चौक आणि मधोमध पाणी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावाने घर कसे बांधावे, हे नागपूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ग्रानादाला पुस्तिकेची उणीव महागात पडली. तिच्यात आलाम्ब्रा, म्हणजे तिथल्या मुस्लिम राजांची किल्लेवजा राजवास्तू, सकाळपासून उघडी असते, एवढेच लिहिले होते. प्रत्यक्षात संपूर्ण परिसराच्या तिकिटावर आतल्या नासरी घराण्याच्या महालांसाठी प्रवेशाची ठरावीक वेळ छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत, आणि मुख्य प्रवेशद्वारापासून महालांपर्यंत सुमारे पंधरा मिनिटे चालावे लागते. तिकीट नावावर असल्यामुळे पारपत्रही जवळ ठेवावे लागते. आमची बस उशिरा पोहोचली, तरुण मंडळी झपाझप पुढे गेली आणि गुडघेदुखीने हळू चालणारे एक ज्येष्ठ दांपत्य दारावरूनच परत आले. बारा सिंहांचे कारंजे पाहण्यासाठी हजारो मैल आलेल्या त्या दोघांना बाहेरच्या बाकावर बसलेले पाहून आम्हा सर्वांनाच वाईट वाटले. व्यवस्थापकांनी क्षमा मागितली. परंतु पुस्तिकेत दोन ओळी अधिक असत्या, तर ही वेळच आली नसती.

रोंदाला आम्हाला अवघे अडीच तास मिळाले, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ग्वादालेविन नदीने कापलेल्या खोल दरीच्या दोन्ही कडांवर हे गाव वसले आहे आणि दोन्ही भाग जोडणारा 98 मीटर उंचीचा ‘नवा पूल’ 1793 मध्ये पूर्ण झाला. त्याआधीचा, 1735 चा पूल अवघ्या सहा वर्षांत कोसळून सुमारे 50 माणसे दगावली होती. म्हणूनच पुढच्या पुलाचे बांधकाम 1751 मध्ये सुरू झाल्यावर त्याला चार दशके लागली, तरी त्याचे पाय थेट दरीच्या तळातून उचलून घेण्यात आले. वरून पाहिले तर हे लक्षात येत नाही. जुन्या गावाच्या बाजूने दरीत उतरणाऱ्या पायवाटेने निम्म्यापर्यंत गेलो, तेव्हा कड्याचा खडक कुठे संपतो आणि चिरेबंदी काम कुठे सुरू होते हे डोळ्यांना सांगता येईना. आणखी खाली जायचे होते, पण बस सुटण्याची वेळ झाली. वेढा पडल्यावर पाणी आणता यावे म्हणून खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि तेराव्या शतकातील अरबी स्नानगृहे, ही दोन्ही ठिकाणे पुस्तिकेत सविस्तर दिली आहेत आणि दोन्ही आम्ही पाहू शकलो नाही. जवळच असलेले, डोंगराच्या कपारीखाली घरे बांधलेले सेतेनील हे गाव आम्ही बसच्या खिडकीतूनच पाहिले. दुपारची गर्दी ओसरल्यावर अशी गावे शांतपणे पाहता येतात, त्यासाठी तिथे रात्रीचा मुक्काम हवा.

सेव्हिलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथली व्यवस्था चोख होती. हिराल्दा मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी उतरणीचे 35 टप्पे असल्यामुळे वयस्कर मंडळीही वरपर्यंत चढली. रस्त्यांच्या दुतर्फा संत्र्यांनी लगडलेली झाडे पाहून आमच्या गटात एकच गलबला झाला. सौभाग्यवतींनी खाली पडलेले एक फळ सोलून पाहिले. साल जाड, फोडी दाट आणि चव इतकी कडू की एक फोडही घशाखाली उतरेना. ही संत्री मुरंब्यासाठी वापरतात. संस्कृतातला ‘नारंग’ हा शब्द फारसी आणि अरबीतून स्पेनमध्ये जाऊन ‘नारांखा’ झाला. संत्रानगरीतल्या वाचकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत ही गोष्ट यायलाच हवी होती.

जेवणात शाकाहाऱ्यांची आबाळ झाली नाही. पालक-छोले आणि उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी सर्वांना आवडली. साल्मोरेखो नावाच्या टोमॅटोच्या घट्ट गार सारावर मात्र अंडे आणि डुकराचे मांस भुरभुरतात, ते नको म्हणून आधीच सांगावे लागते. रात्रीचे जेवण नऊच्या आधी मिळणे कठीण असते आणि दुपारी दोन ते पाच लहान दुकाने बंद राहतात. 28 फेब्रुवारीला, म्हणजे 1980 च्या स्वायत्ततेच्या सार्वमताच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या आंदालुसिया दिनी, बाजार बंद असल्यामुळे आमचा खरेदीसाठी राखलेला दिवस वाया गेला.

मी संस्थेला लेखी कळवले आहे की सुट्ट्यांचे दिवस, तिकिटांचे नियम आणि गावांच्या नावांचे स्थानिक उच्चार यांसाठी पुस्तिकेत चार पाने वाढवावीत आणि सेव्हिलची एक रात्र कमी करून ती रोंदाला द्यावी. हा बदल झाला, तर पुढच्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा नाव नोंदवणार आहोत.