शेवाळाचं डिझेल की गोबरगॅस? कोकणातल्या परसाचा हिशेब

परसात टाकी आहे, ऊन आहे, शेवाळ तर न लावता उगवतं. मग त्याचंच इंधन का करू नये? विचार चुकीचा नाही, पण चिऱ्यांवर पाय घसरवणारं शेवाळ या कामाचं नव्हे. तेल धरतात ती क्लोरेला, नॅनोक्लोरोप्सिस अशी एकपेशीय शैवालं. ती सुटी डोळ्यांना दिसत नाहीत, नुसतं पाणी हिरवं होतं.

आता आकडे मांडू. 10 चौरस मीटरचा वीतभर खोल हौद, पाणी सतत ढवळलेलं, खत वेळेवर. उत्तम चाललं तर चौरस मीटरमागे रोज 15 ग्रॅमच्या आसपास सुकं शेवाळ. म्हणजे 150 ग्रॅम, त्यात पाचवा हिस्सा तेल धरलं तर 30 ग्रॅम. महिन्याकाठी जेमतेम लिटरभर. पॉवर टिलर ते तासाभरात पिऊन टाकतो.

खरी गोम पुढे आहे. उघड्या हौदात लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅमच शेवाळ असतं. तेवढ्या 150 ग्रॅमसाठी रोज दीडशे ते तीनशे लिटर पाणी वेगळं करायचं. फडक्यातून ते गाळलं जात नाही. तुरटीने खाली बसवलं तर हिरवा रबडा मिळतो, आणि तो खडखडीत वाळवायचा. जूनपासून चार महिने आपल्याकडे अंगावरचे कपडे वाळत नाहीत! त्यात पाऊस हौद पातळ करतो, ढगांमुळे वाढ मंदावते. तेल काढायला बहुधा हेक्झेन हे द्रावक लागतं, ते पेट्रोलसारखं भडकतं. डिझेल करायला मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा. मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो. पोराबाळांच्या घरात हे नकोच.

पैसेवाल्यांचंही इथेच अडलं. अमेरिकी सरकारचा शैवाल-इंधनाचा कार्यक्रम 1978 ते 1996 चालला आणि खर्च परवडत नाही म्हणून गुंडाळला गेला. एक्झॉनमोबिल या तेल कंपनीने 2009 मध्ये हात घातला, 2023 मध्ये काढून घेतला.

गोबरगॅसला ओलं चालतं, किंबहुना ओलंच लागतं. कोकणात माझं मत त्याच्या बाजूला झुकतं ते यामुळे. दिवसाला 2 घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी. त्यातून पावणेएक ते एक किलो सिलिंडरच्या गॅसइतकी आच मिळते, चार-पाच माणसांचा स्वयंपाक निभतो. थंडी बेताची, त्यामुळे घाटावरच्यासारखा हिवाळ्यात गॅस फारसा बसत नाही.

अडचणी इथेही आहेत. आपली गावठी गुरं चणीने लहान, दिवसभर रानात. गोठ्यात रात्रीचं तेवढं शेण हाती लागतं. पाच-सहा गुरं असूनही 50 किलो भरेलच असं नाही, म्हणून आधी आठवडाभर घमेली मोजा, मग आकार ठरवा. कातळात खड्डा खणणं महाग पडतं, आणि सखल जागी पावसाळ्यात भूजल टाकीला वर उचलतं. खाऱ्या वाऱ्यात गॅस साठवणारा लोखंडी ड्रम लवकर गंजतो, फायबरचा घ्या. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.

गुरं नसतील तर खरकट्यावर चालणारी छोटी टाकी. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेल्या अशा संयंत्राला 2006 मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. पेज, भात, पिकलेल्या फणसाची चारखंडं तिला मानवतात. कैऱ्या, कोकमाची सालं मात्र बेतानेच, नाहीतर टाकी आंबते आणि ज्योत धरत नाही.

आणि पातळ तेलच हवं असेल तर? किनाऱ्यावर उंडीचं झाड आहे. त्याच्या बियांच्या तेलावर पूर्वी घरोघरी दिवे जळायचे. गर वाळवून घाण्यावर घातला की तेल निघतं, हेक्झेनची गरज नाही. मात्र त्यात आम्लता जास्त, तसंच्या तसं इंजिनात ओतू नका. दिव्यापुरतं ठीक.

शेवाळाची हौस फिटत नसेल तर एका पिंपात गोबरगॅसमधून बाहेर पडणारी स्लरी पातळ करून वाढवा, आणि तळाला बसलेला रबडा न वाळवता गोबरगॅसच्या टाकीत ओता.