फेरीचं बनावट तिकीट: आमचा सुट्टीतला एक दिवस गेला तो असा

जोडून आलेल्या सुट्ट्यांत फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यायची असेल, तर हे वाचून मगच बुकिंग करा. आमचे पैसेही गेले आणि दिवसही.

फेरीत माणसांना जागा मिळते, गाडीला मिळत नाही, हे मला उशिरा कळलं. गाड्यांचा डेक लेनच्या मीटरमध्ये, म्हणजे गाड्यांच्या रांगांच्या लांबीवर मोजतात आणि तो माणसांच्या आधी भरतो. कंपनीच्या साइटवर आम्हा चौघांना तिकिटं मिळत होती, पण गाडीपुढे ‘फुल्ल’. नवरा म्हणाला, "रस्त्याने जाऊ, सहा तास तर सहा तास." सासूबाईंची कंबर आठवून मीच हट्टाने शोधत बसले.

सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या साइटवर गाडीला जागा होती. नाव तेच, फक्त मध्ये एक आडवी रेघ जास्त. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं मी वाचलंही होतं. मोठ्या कंपन्याही जाहिरात करतातच की. पत्त्याशेजारी कुलूपही होतं. (त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की आपली माहिती वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर ती चोरापर्यंत सुखरूप पोचते.)

गाडीचा नंबर, लांबी, उंची, टपावर कॅरिअर आहे का, सगळं विचारलं. इतक्या बारीक चौकशीमुळेच माझा विश्वास बसला. मग कार्ड दोनदा ‘फेल’ झालं आणि चॅटवर एक अतिशय नम्र बाई आल्या. "मॅडम, सर्व्हरवर लोड आहे. या खात्यात ट्रान्सफर करा, जागा दहा मिनिटं धरून ठेवते." खातं कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या नावाचं होतं. ते मला दिसलं. तरी पैसे पाठवले, कारण दहा मिनिटं. लगेच पीडीएफ आलं, जहाजाच्या नावासकट, क्यूआर कोडसकट.

पाच दिवसांनी पहाटे चारला निघालो. धक्क्यावर कर्मचाऱ्याने कोड स्कॅन केला, लाल. पुन्हा केला, पुन्हा लाल. "ताई, हे तिकीट आमचं नाही. आज अशी तुमची चौथी गाडी." मागच्या गाडीतले गृहस्थ उतरून आले आणि त्यांनी आपलं तिकीट शेजारी धरलं. दोन्हीवर बुकिंग नंबर एकच होता.

रांगेतून गाडी मागे घेताना कुणीच बोलत नव्हतं. "समुद्र तरी दिसला," सासूबाई म्हणाल्या. मग तोच रस्ता. सहाचे साडेनऊ तास झाले.

वाटेत बँकेला फोन लावला. कार्डाने पैसे गेले असते तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत परतावा मागता आला असता; आपल्या हाताने ट्रान्सफर केलेल्या पैशांना तो रस्ता नाही. समोरच्या खात्यात रक्कम शिल्लक असली तर गोठवता येते, पण त्यासाठी तक्रार तासांत जावी लागते. आम्ही पाच दिवसांनी जागे झालो होतो. ते ‘फेल’ झालेलं कार्डही बंद केलं, कारण त्याचा नंबर तर मी त्यांना दोनदा टाइप करून दिला होता.

रात्री नवऱ्याने डोमेनची नोंदणी तपासली. साइट जेमतेम 19 दिवसांची होती. तिकिटावरचं जहाज मात्र खरं निघालं. प्रवासी जहाजांवर एआयएस, म्हणजे जहाजाची जागा रेडिओवरून सतत कळवणारं यंत्र असावं हा सोलास या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे, त्यामुळे जहाज कुठे आहे ते नकाशावर कुणालाही पाहता येतं. आमचं जहाज त्या दिवसांत भलत्याच मार्गावर धावत होतं. हे आदल्या रात्री पाहिलं असतं तर निदान पहाटे चारचं उठणं वाचलं असतं.

चार दिवसांनी फोन आला. "ग्राहक परतावा विभागातून बोलतोय. तुमची रक्कम सापडली आहे, थोडी प्रोसेसिंग फी भरलीत की आजच जमा होईल." गाडीचा नंबर, रक्कम, तारीख, त्याला सगळं माहीत होतं. खोटं कशाला सांगू, मी पेन घेऊन बसलेही होते. मग खात्री पटवायला तो म्हणाला, "टपावर कॅरिअर असलेली गाडी ना तुमची?"

पोलिसांना किंवा बँकेला आम्ही कॅरिअरबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं. ते फक्त त्या साइटवर भरलं होतं.

मी फोन ठेवला. तो नंतर आणखी दोनदा आला, दोन्ही वेळा वेगळ्या नंबरवरून.