फॉर्मवर माझ्या नावाने ‘नाही’ लिहिलं होतं

लेकीचं पहिलं बाळंतपण न्यू जर्सीत होणार होतं, म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी निघालो. माझं वय 64, ह्यांचं 69. ह्यांची 2016 साली अँजिओप्लास्टी झाली आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. त्यामुळे प्रवासाच्या विम्यात मला कसलीही कसर नको होती.

एजंट आमच्या पार्ल्यातलाच. सोसायटीतल्या दोन घरांनी त्याच्याकडूनच पॉलिसी घेतली होती. तो घरी आला, ह्यांची फाइल चाळली. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी त्याच्यासमोरच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. “काकू, काळजी सोडा. आधीच्या आजारासकटचा प्लॅन देतो, थोडा महाग पडेल,” म्हणाला. दोघांचे मिळून 62,000 रुपये मी यूपीआयने भरले. ते कंपनीच्या खात्यात नव्हे, त्याच्या स्वतःच्या नंबरावर गेले. तिथेच मी थांबायला हवं होतं. हप्ता कंपनीच्याच खात्यात भरायचा, ही साधी गोष्ट मला माहीत होती, पण ओळखीचा माणूस म्हणून बोलले नाही.

दोन दिवसांनी मी लाडवांसाठी डिंक तळत असताना त्याचा फोन आला. “एक ओटीपी आलाय, तेवढा सांगा.” कढई गॅसवर होती, मी आकडे वाचून दाखवले. तो ओटीपी म्हणजे माझी सही होती. प्रपोजल फॉर्ममधली सगळी उत्तरं मला मान्य आहेत, असं मी त्या सहा आकड्यांनी लिहून दिलं. फॉर्म मी पाहिलेलाही नव्हता. पॉलिसी ईमेलवर आली तेव्हा पहिल्या पानावरची नावं, पासपोर्ट नंबर आणि तारखा तपासल्या आणि प्रिंट काढून पासपोर्टांबरोबर ठेवली. फॉर्मची प्रत शेवटच्या पानांवर जोडलेली होती. तिथपर्यंत मी गेलेच नाही.

जानेवारीत एका रात्री जेवण झाल्यावर ह्यांच्या छातीत दडपल्यासारखं व्हायला लागलं, डावा हात जड झाला. लेक ओली बाळंतीण, बाळ पाच आठवड्यांचं. जावयांनी 911 ला फोन केला आणि काही मिनिटांत अँब्युलन्स आली. अमेरिकेत 1986 पासून कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैशांचा प्रश्न मध्ये न आणता तपासायचं आणि धोक्याबाहेर आणायचं. मेडिकेअरशी, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याशी, जोडलेली रुग्णालयं त्याला बांधलेली आहेत आणि बहुतेक सगळी तशी जोडलेली असतात. आमच्याकडेही आधी कोणी पैसे मागितले नाहीत. विम्याचा घोळ असला तरी इमर्जन्सीत जायला क्षणभरही कचरू नका, हे मी हात जोडून सांगते.

ह्यांच्या चाचण्या चालू असताना मी एजंटाला मेसेज केला. त्याचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे: “डॉक्टरांना जुनं काही सांगू नका, क्लेम अडकेल.” रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने, आत स्टेंट असताना, हृदयाच्या डॉक्टरांपासून ते लपवायचं! त्या क्षणी मला कळलं की काहीतरी फार वाईट झालंय. ह्यांनी तोवर सगळं खरं सांगून टाकलं होतं, आणि बरंच झालं. अँजिओग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी औषधं बदलून दिली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

मग बिलं यायला लागली. तिकडे एकच बिल येत नाही. रुग्णालयाचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं वेगळं, हृदयतज्ज्ञांचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं, आणि तीही काही आठवड्यांच्या अंतराने. बेरीज 47,000 डॉलर. विमा कंपनीने ह्यांची जुनी कागदपत्रं मागवली आणि क्लेम नाकारला. कारण: हृदयविकार आहे का, या प्रश्नाला फॉर्मवर ‘नाही’. मधुमेह, रक्तदाब, आधीची शस्त्रक्रिया, सगळीकडे ‘नाही’. पॉलिसीही सगळ्यात स्वस्तातली. छापील हप्ता 37,800 रुपये. उरलेले 24,200 त्याच्या खिशात.

लेकीने मांडीवर बाळ घेऊन रुग्णालयाशी फोनवर तासन्‌तास बोलून मार्ग काढला. तपशीलवार बिल मागवलं, त्यात एक चाचणी दोनदा लावलेली निघाली. तिथल्या ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, पण ते आपण मागावं लागतं. तिने अर्ज केला. सगळं मिळून 21,000 डॉलरवर आलं, म्हणजे आमचे सुमारे 18 लाख. ह्यांच्या निवृत्तीच्या दोन एफडी मोडल्या. नातवाचं बारसंही आम्ही घरच्या घरी, दोन शेजाऱ्यांना बोलावून केलं.

एप्रिलमध्ये परत आल्यावर एजंटाकडे गेले. “ओटीपी तुम्हीच दिलात ना काकू,” एवढंच म्हणाला. आवाजही चढला नाही.

माझ्या हातात एक गोष्ट आहे: पॉलिसी निघण्याच्या चार दिवस आधी त्याला पाठवलेला डिस्चार्ज कार्डाचा फोटो, तारखेसकट. ते चॅट मी जपून ठेवलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. तिथून नकार आला. मग विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेले. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, पार्ल्याहून एकच स्टेशन. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीने नाकारल्यावर, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर, वर्षाच्या आत जावं लागतं. ओटीपी मीच दिला, हे मी तक्रारीत लपवलेलं नाही. सुनावणी व्हायची आहे.

मध्यंतरी एजंटाने 24,200 परत द्यायची तयारी दाखवली, तक्रार मागे घेतली तर. मी घेतले नाहीत.

आमच्याच जिन्यातल्या वहिनी पुढच्या महिन्यात मुलाकडे टेक्सासला चालल्या आहेत. परवा त्यांच्या डायनिंग टेबलावर आम्ही दोघींनी बसून कंपनीच्या साइटवर फॉर्म स्वतः भरला, एकेक प्रश्न मोठ्याने वाचत. मधुमेहापुढे ‘हो’ लिहिलं तसा हप्ता नऊ हजारांनी वाढला. आधीच्या आजारासाठी वेगळी मर्यादा किती, तेही आत शोधून काढलं आणि वहीत लिहून ठेवलं. वहिनी जरा वेळ आकड्याकडे बघत बसल्या. मग कार्ड आणायला आत गेल्या.