सहा झोनचा स्प्रिंकलर कंट्रोलर: यंत्र चोख, माहितीपत्रक अपुरे

घरच्या बागेच्या सहा भागांना, म्हणजे झोनना, ठरल्या वेळी फवाऱ्याने पाणी सोडण्यासाठी घेतलेला हा कंट्रोलर मी दोन हंगाम वापरत आहे. डायल फिरवून घड्याळ, स्टार्ट टाइम, रन टाइम (एका झोनला किती मिनिटे पाणी द्यायचे ते) आणि वार ठरवायचे, एवढीच त्याची रचना असून पडद्यावरचे आकडे ठळक आहेत.

माझी फजिती झाली ती स्टार्ट टाइममुळे. प्रत्येक झोनला वेगळी वेळ द्यावी लागते, अशा समजुतीने मी पाच, सव्वापाच, साडेपाच आणि पावणेसहा अशा चार वेळा भरल्या आणि सकाळ उलटून गेली तरी फवारे बंद होईनात. स्टार्ट टाइम हा एका झोनचा नसून संपूर्ण प्रोग्रामचा, म्हणजे झोनच्या पूर्ण वेळापत्रकाचा असतो. तो एकदा लागला की सहाही झोन ओळीने, आपापल्या रन टाइमइतके चालतात, म्हणजे मी सगळ्या बागेला चार वेळा पाणी पाजत होतो. माहितीपत्रकात याबद्दल जेमतेम एक ओळ आहे, आणि तीही शेवटच्या पानावर!

एका प्रोग्रामला अनेक स्टार्ट टाइम देण्याची ही सोय समजल्यावर मात्र फार उपयोगी पडते. चिकणमातीत 12 मिनिटे सलग फवारा सोडला की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. त्याऐवजी रन टाइम 4 मिनिटांचा ठेवून एकेका तासाच्या अंतराने तीन स्टार्ट टाइम दिले, तर तेवढेच पाणी मुळांपर्यंत पोहोचते. मिनिटे ठरवताना फवाऱ्याचा प्रकारही पाहावा, कारण स्थिर फवारे तासाला साधारण 40 मिलिमीटर पाणी देतात, तर फिरते फवारे बहुधा 10 ते 15 मिलिमीटरच देतात. ठिबकचा झोन मी प्रोग्राम बी या दुसऱ्या वेळापत्रकात वेगळा ठेवला आहे.

सीझनल अ‍ॅडजस्ट, म्हणजे ऋतूनुसार पाणी कमी-जास्त करण्याची टक्केवारी, 100 वरून 60 टक्क्यांवर आणली की सगळे रन टाइम त्याच प्रमाणात घटतात. मात्र या मॉडेलमध्ये ठिबकलाही तीच कात्री लागते, हे मला पटले नाही. पावसात फवारे थांबवणारा रेन सेन्सर जोडताना कंट्रोलरवरच्या त्याच्या टर्मिनलांमधली छोटी जोडतार काढावी लागते, नाहीतर भर पावसातही फवारे चालू राहतात.

आतली बॅटरी वीज गेल्यावर फक्त घड्याळ चालू ठेवते. व्हॉल्व्ह 24 व्होल्टच्या एसी पुरवठ्यावर उघडतात, त्यामुळे पाणी देण्याच्या वेळी वीज नसेल तर ती पाळी चुकते आणि यंत्र ती नंतर भरून काढत नाही.